पाचशे पौंड आणि पेनकेथबाई : एर्डिग, १९०७

१९०७ साली उत्तर वेल्समधल्या एर्डिग या वाड्याच्या मालकीणबाई लुईसा यॉर्क यांनी आपल्या स्वयंपाकघराच्या मुख्य बाईवर पाचशे पौंड लुबाडल्याचा आरोप केला. प्रकरण रुथिनच्या न्यायालयात गेलं आणि ज्यूरीने त्या बाईला निर्दोष सोडलं. तिचं नाव एलेन पेनकेथ. वाड्यावर ती १९०२ पासून होती, पगार वर्षाला सुमारे ४५ पौंड, राहणं-जेवण तिथलंच. आरोप झाला तो जवळजवळ अकरा वर्षांच्या पगाराएवढ्या रकमेचा. त्या काळी एका पौंडाचे १५ रुपये असा भाव सरकारने बांधून दिलेला होता. त्या हिशेबाने ते साडेसात हजार रुपये होतात, आणि तिचा पगार वर्षाला पावणेसातशे.

मी पतसंस्थांचे आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब तपासण्याचं काम करते. हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा ‘चोरी केली की नाही’ या प्रश्नाआधी मला दुसराच प्रश्न पडला. एका घरातून पाचशे पौंड हलेपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही, अशी त्या घराची व्यवस्था तरी काय होती? माल कोण मागवायचं, तो मोजून कोण घ्यायचं, पैसे कोण द्यायचं, लिहून कोण ठेवायचं आणि ते लिहिलेलं वाचायचं कोण? या प्रश्नांमागून जात राहिलं की राजा सातव्या एडवर्डच्या काळातली इंग्रजी घरनोकरी जितकी स्पष्ट दिसते, तितकी गणवेश आणि चांदीच्या ताटांच्या वर्णनांतून दिसत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. इंग्रजी कागदपत्रांत मालकीणबाई ‘मिसेस यॉर्क’ आहेत आणि पेनकेथही ‘मिसेस पेनकेथ’ आहेत. पण पेनकेथ यांचं लग्न झालेलं नव्हतं. मोठ्या घरात मुख्य स्वयंपाकिणीला आणि कारभारणीला मानाने ‘मिसेस’ म्हणायची तिथे पद्धत होती. हाताखालच्या मुलींना नुसत्या नावाने हाक मारायची आणि हिला मात्र ‘मिसेस’. आपल्याकडे शाळेत शिकवणाऱ्याही ‘बाई’ आणि भांडी घासायला येणाऱ्याही ‘बाई’. शब्द एकच, पण तो म्हणताना आवाज बदलतो. मी इथे दोघींनाही अहो-जाहोच करणार आहे.

नोकरांच्या तसबिरी लावणारं घर

एर्डिग हे रेक्सम गावापासून दोनेक मैलांवरचं, सतराव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं घर. १७३३ पासून ते यॉर्क घराण्याकडे होतं. या घराण्यात थोरल्या मुलाचं नाव सायमन किंवा फिलिप, तिसरं नाहीच. पण घराची ख्याती वेगळ्याच कारणासाठी आहे. १७९० च्या दशकात तिथल्या एका फिलिप यॉर्कने आपल्या नोकरांची तैलचित्रं काढून घेतली. चित्रं जमीनदारांची काढायची, फार तर त्यांच्या घोड्यांची आणि कुत्र्यांची, असा तो जमाना. या माणसाने सत्त्याऐंशी वर्षांची मोलकरीण, सुतार, लोहार, शिकारखान्याचा रखवालदार, स्वयंपाकघरातला हमाल यांना चित्रकारापुढे बसवलं आणि प्रत्येकावर स्वतः पद्य रचलं. पुढच्या पिढ्यांनी हा प्रघात चालू ठेवला. कॅमेरा आल्यावर फोटो सुरू झाले : नोकर वाड्यापुढे ओळीने उभे, प्रत्येकाच्या हातात आपापल्या कामाची वस्तू. कुणाकडे झाडू, कुणाकडे करवत.

या सगळ्यात खरी आपुलकी होती, यात मला शंका नाही. सत्त्याऐंशी वर्षांच्या मोलकरणीचं तोंड रंगात उतरवून घ्यायला पैसे लागतात आणि मनही लागतं. म्हणूनच हे प्रकरण या घरात घडावं याचं महत्त्व आहे. नोकरांना गुरासारखं राबवणाऱ्या एखाद्या घरातली ही गोष्ट असती, तर ‘मालक दुष्ट होते’ एवढं म्हणून विषय संपला असता.

१९०२ मध्ये घराचे धनी होते दुसरे फिलिप यॉर्क, वय त्रेपन्न. शाकाहारी, दारूला न शिवणारे, सायकलचे आणि पद्यरचनेचे शौकीन. त्यांची पहिली बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत घर सोडून गेली होती. ती १८९९ मध्ये वारल्यावर त्यांनी लुईसा स्कॉट यांच्याशी लग्न केलं. लुईसाबाई एका ख्रिस्ती पाळकाच्या कन्या. लग्नाच्या वेळी त्या चाळिशीला टेकल्या होत्या आणि एवढा मोठा पसारा त्यांनी आधी कधी चालवलेला नव्हता. १९०३ मध्ये पहिला मुलगा झाला, १९०५ मध्ये दुसरा. घर माणसांना धरून होतं, पाहुण्यांची ये-जा मोठी, पैशाची मात्र ओढाताण. जमीनदारीचं उत्पन्न घटत चाललेलं आणि खर्चाची चाल जुनीच.

या ओढाताणीतून एक निर्णय निघाला, आणि पुढचं सगळं माझ्या मते त्यातच दडलेलं आहे. अशा वाड्यात दोन वेगळ्या जागा असायच्या. एक मुख्य स्वयंपाकीण, तिचं राज्य चुलीपुढे. दुसरी कारभारीण : कापडचोपड, साखर-चहाची कोठी, मुरांबे-लोणची, मोलकरणींवर देखरेख, किल्ल्यांचा जुडगा आणि घरखर्चाची वही. एर्डिगने या दोन्ही जागा एकाच बाईकडे दिल्या. एक पगार वाचला. त्याबरोबर एक नजरही गेली.

दोन बायकांचं काम

पेनकेथबाईंच्या दिवसाची कल्पना करायची तर आधी त्या स्वयंपाकघरात जायला हवं. ते एर्डिगला आजही आहे : उंच छताचं, मोठ्या कमानींचं, आगीच्या भीतीने मूळ घरापासून वेगळं बांधलेलं आणि मागाहून घराला जोडलेलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक वचन रंगवलेलं आहे. अर्थ असा की वाया घालवू नका, म्हणजे कधी कमी पडणार नाही. रोज पहाटे कोळशाची शेगडी पेटवण्यापासून रात्री शेवटचं पातेलं मांडणीवर जाईपर्यंत हे वाक्य स्वयंपाकिणीच्या डोळ्यांपुढे.

एका वेळच्या जेवणाला तीन-चार पंगती, आणि प्रत्येकीचा स्वयंपाक निराळा. नोकरांच्या जेवणघरात दुपारचं भरपेट जेवण, बालखोलीत मुलांसाठी मऊ आणि बेताचं, वर मालकांच्या टेबलावर एकामागून एक वाढपं, त्यात धनी शाकाहारी आणि पाहुणे मांसाहारी. सकाळची न्याहारी उरकली की मालकीणबाईंशी बसून दिवसभराचं ठरवायचं : जेवायला किती माणसं, कोणता पदार्थ, काल काय उरलं. त्यानंतर गावातल्या दुकानदारांच्या ऑर्डरी. त्यात पेनकेथबाईंकडे कारभारणीचंही काम, म्हणजे चादरी मोजायच्या, साबण मोजून द्यायचा, नव्या मुलीला शिकवायचं आणि जुनी मुलगी नोकरी सोडून गेली की बदली मिळेपर्यंत तिचं कामही निभवायचं.

कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा नव्हती. कारखान्यांना होती, घरकामाला त्या कायद्यात जागाच नव्हती. १९०१ च्या शिरगणतीप्रमाणे इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ लाख बायका घरनोकरीत होत्या, बायकांच्या कुठल्याही धंद्यापेक्षा जास्त. या सगळ्या जणींचा दिवस मालकिणीची घंटा ठरवायची. त्या घंटांची रांगही एर्डिगच्या तळमजल्यावरच्या बोळात पाहायला मिळते.

४५ पौंड हा पगार तेव्हाच्या मानाने वाईट नव्हता. भांडी घासणाऱ्या नवख्या पोरीला वर्षाला दहा-बारा पौंड मिळायचे. तिथून इथवर यायला वीस वर्षं लागायची आणि वाटेत कुठेही पाय घसरून चालायचं नाही. म्हणजे पेनकेथबाई आपल्या धंद्याच्या जवळजवळ वरच्या पायरीवर होत्या. गमावण्यासारखं त्यांच्याकडे बरंच होतं, आणि त्यातलं रोख रकमेत फारच थोडं होतं.

चेक, रोकड आणि वही

आता मुख्य गोष्ट, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

त्या काळी मोठ्या घरांत रोख खरेदी क्वचित व्हायची. खाटीक, मासेवाला, वाणी हे गावातले दुकानदार माल मागच्या दारी पोचवायचे आणि उधारीच्या वहीत लिहायचे. आपल्याकडे चाळीत वाण्याची लाल वही असायची, तशीच ही वही. माझ्या आजीकडे अशी वही होती. दर महिन्याच्या एक तारखेला आजोबा बोटाने एकेक ओळ खाली सरकवत वाचायचे, अडीच किलोच्या साखरेवर थांबायचे, आजीला विचारायचे आणि मगच पैसे मोजायचे. तेव्हा आम्हां मुलांना तो चिक्कूपणा वाटे. आज हिशेब तपासायला बसले की आधी तो बोटाचा प्रवास आठवतो.

एर्डिगमध्ये हा बोटाचा प्रवास नव्हता. बिलांची रक्कम पेनकेथबाई वर कळवायच्या आणि लुईसाबाई चेक लिहून द्यायच्या. तो वटवून दुकानदारांची देणी भागवायची हे पेनकेथबाईंचं काम. कोणाचे किती पैसे गेले, पावती आली का, मागची बाकी शून्य झाली का, हे वरून कोणी पाहत नव्हतं. १९०७ मध्ये दुकानदारांची थकबाकी बाहेर आली, लुईसाबाईंनी गोळाबेरीज केली आणि आकडा पाचशेच्या घरात गेला.

आता ही साखळी नीट पाहा. माल मागवणारी, माल ताब्यात घेणारी, बिल सांगणारी, रोख पैसे हाताळणारी, देणी भागवणारी आणि वही लिहिणारी, सगळी एकच व्यक्ती. आमच्या धंद्यात हे चित्र दिसलं की पुढचं पान उलटण्याआधीच पेन्सिलीने खूण करतो. ती व्यक्ती अप्रामाणिक असेल म्हणून नव्हे. तिने प्रामाणिकपणे वागूनही उद्या स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करायचं तिच्याकडे काही उरत नाही, म्हणून. पावत्या दुसऱ्याने तपासून सही केली की ती सही दोघांनाही राखते. एर्डिगमध्ये मालकीणबाईंची सही फक्त चेकवर होती.

बरं, अशा साखळीत पैसे ‘नाहीसे’ कसे होतात? बाहेरच्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो सरळ चोरीचा. तो एक मार्ग आहेच. पण माझ्या कामात याहून पुष्कळदा दिसतं ते वेगळंच. या महिन्याला ठरलेल्या रकमेत भागत नाही. वर जाऊन ‘जास्त लागले’ म्हणायची हिंमत होत नाही, कारण गेल्या महिन्यात जास्त मागितले तेव्हा भुवया उंचावल्या होत्या. मग खाटकाचे पैसे वाण्याला जातात आणि खाटकाला पुढच्या महिन्याचा वायदा मिळतो. याची टोपी त्याला, त्याची याला. मोठ्या घराची उधारी म्हणून दुकानदारही तोंड उघडत नाहीत. गिऱ्हाईक तुटलं तर नुकसान त्यांचं. भोक दर महिन्याला थोडं थोडं मोठं होत जातं. एके दिवशी कोणीतरी तगादा घेऊन पुढच्या दारी येतं आणि त्या दिवशी सगळ्या टोप्या एकाच डोक्यावर येऊन बसतात.

एर्डिगची परिस्थिती या दुसऱ्या मार्गाला अगदी पोषक होती. पैशाची टंचाई असलेलं पण थाट न सोडणारं घर. पाहुणे वाढले, दोन मुलं झाली, माणसं वाढली. पाचशे पौंड काही वर्षांच्या जेवणावळींवर पसरले की आठवड्याला दोन-तीन पौंडांवर येतात, आणि तेवढं लोणी, मलई, मासे आणि मटण आलेगेल्याच्या ताटात सहज जातं. खर्च आपल्याला झेपत नाही ही गोष्ट ज्या घराला स्वतःशी कबूल करायची नसते, तिथे ती गोष्ट नोकराच्या हिशेबात साचत जाते. पेनकेथबाईंनी नेमकं काय केलं याचा निवाडा ज्यूरीने केला आहे आणि तो मला मान्य आहे. मी बोलते आहे ती व्यवस्थेबद्दल, आणि ती व्यवस्था लुईसाबाईंनी मांडलेली होती.

त्यात स्वयंपाकिणींविषयी एक जुना संशय आधीपासूनच हवेत होता. स्वयंपाकघरातली ‘वरकमाई’ ही पिढ्यान्‌पिढ्यांची चाल : भाजताना गळलेली चरबी, सशांची कातडी, हाडं हे मागच्या दारी विकून पैसे स्वयंपाकिणीने ठेवायचे, आणि नाताळात दुकानदार खूश होऊन काही देतील तेही. काही घरांत दुकानदार बिलावर शेकडा काही दलालीही द्यायचे. मालकिणी हे जाणून होत्या, पगार ठरवताना धरूनही चालायच्या आणि वेळ आली की याच गोष्टीला लबाडी म्हणायच्या. १९०६ मध्ये ब्रिटिश संसदेने लाचलुचपत प्रतिबंधाचा कायदा केला आणि १ जानेवारी १९०७ पासून तो लागू झाला. मालकाला न सांगता दुसऱ्याकडून बक्षिशी किंवा दलाली घेणं हा त्याने गुन्हा ठरवला. कायदा मुख्यतः व्यापारातल्या दलालांसाठी होता, पण तो सगळ्या नोकरांना लागू पडत होता. म्हणजे ज्या साली एर्डिगचं प्रकरण उकललं, त्याच साली स्वयंपाकिणीच्या दारातल्या जुन्या चालीवर गुन्ह्याची सावली पडली होती.

त्याच वर्षी १ जुलैपासून आणखी एक कायदा अमलात आला : कामावर अपघात झाला तर भरपाई. त्यात घरनोकर पहिल्यांदाच धरले गेले. उकळतं तेल अंगावर सांडलं तर मालकिणीने भरपाई द्यायची, ही गोष्ट अनेक घरांना फार लागली. पण जळलेल्या हाताला १९०७ मध्ये कायदा मिळाला, तसा हिशेबात अडकलेल्या हाताला मिळाला नाही.

रुथिन

नोकराने मालकाच्या पैशाला हात लावणं हा इंग्रजी कायद्यात साध्या चोरीहून जड गुन्हा होता. १८६१ च्या कायद्याने त्याला चौदा वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली होती. कारण उघड आहे : प्रत्येक खासदाराच्या आणि प्रत्येक न्यायाधीशाच्या घरी नोकर होते.

खटला चालणार ते न्यायालय वर्षातून ठरावीक वेळांनाच बसायचं. न्यायाधीश गावोगाव फिरत यायचे. डेन्बीशायर परगण्यासाठी ते रुथिनला बसायचे. ज्यूरी बारा पुरुषांची. बायकांना तिथे बसायला अजून बारा वर्षं अवकाश होता. संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क लुईसाबाईंना नव्हता तसा पेनकेथबाईंनाही नव्हता. या एका बाबतीत दोघी एका पातळीवर.

पेनकेथबाईंच्या बाजूने दोन नव्या गोष्टी होत्या. १८९८ पर्यंत इंग्लंडात आरोपीला आपल्याच खटल्यात शपथेवर साक्ष देता येत नसे. त्या साली ही मुभा मिळाली. आणि १९०३ च्या कायद्याने गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याची थोडीफार सोय झाली होती. याहून मोठी गोष्ट म्हणजे कायद्याची घडणच. अफरातफरीच्या एका आरोपपत्रात फार तर तीन वेगळे प्रसंग, तेही सहा महिन्यांच्या आतले, एकत्र मांडता येत. ‘इतक्या वर्षांत पाचशे गेले’ हे दिवाणखान्यात बोलायला ठीक. न्यायालयात मात्र सांगावं लागतं की अमुक दिवशी, अमुक देण्यासाठी, इतके पौंड हातात दिले आणि ते तिथे पोचले नाहीत. ते सांगायला वही लागते, आणि पैसे देणाऱ्याने ती वही वेळच्या वेळी वाचलेली असावी लागते.

लुईसाबाईंना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. त्या प्रसंगात मला त्यांचंही वाईट वाटतं. वाड्यात कोणी त्यांना कधी प्रश्न केला नव्हता. इथे एक वकील भर माणसांत विचारतो आहे की बाई, तुम्ही बिलं पाहत होता का? पावत्या मागितल्या होत्या का? चेकवर सही करताना रक्कम जुळवून पाहिली होती का? लाज वाटली असणार आणि रागही आला असणार. आपण फसवले गेलो ही त्यांची भावना खरी होती. पण त्या फसवणुकीला पुरावा हवा होता तो त्यांच्याच टेबलावर तयार व्हायचा होता, आणि तो तिथे तयार झालेला नव्हता.

ज्यूरीने पेनकेथबाईंना सोडलं.

निर्दोष, पण कॅरेक्टरशिवाय

मालकांनी निकाल मनाला लावून घेतला. लुईसाबाईंच्या लेखी ती शेवटपर्यंत ‘चोरटी स्वयंपाकीण’च राहिली. फिलिप यॉर्क यांनी तर पुढे नोकरांवरच्या आपल्या पद्यातही, नाव न घेता, पेनकेथबाईंना चोर म्हटलं आणि कायद्यानेच तिच्यावर चुना फासून तिला पांढरी केली, असा सूर लावला. सव्वाशे वर्षं नोकरांची स्तुती करत आलेल्या त्याच प्रथेतली ही ओळ. ज्यांच्यावर प्रेम होतं त्यांच्यासाठी पद्य, आणि जिच्यावरचा विश्वास उडाला तिच्यासाठीही पद्यच. दोन्ही वेळा लेखणी मालकाच्या हातात. पेनकेथबाईंची बाजू त्या भिंतीवर कोण लिहिणार होतं?

इथे ‘कॅरेक्टर’ ही काय चीज होती ते सांगायला हवं, कारण निर्दोष सुटूनही पेनकेथबाईंचं पुढे काय होणार हे तिच्यावर ठरत होतं. घरनोकरीची जागा मिळायची ती मागच्या मालकिणीच्या शिफारशीवर. त्या शिफारशीलाच कॅरेक्टर म्हणत. बहुतेक वेळा हा पत्रव्यवहार एका मालकिणीचा दुसरीशी चाले : बाई प्रामाणिक आहे का, पहाटे उठते का, दारू पिते का, का सोडली? १७९२ च्या एका कायद्याने खोटं कॅरेक्टर देणाऱ्याला किंवा वापरणाऱ्याला वीस पौंड दंड ठेवला होता. म्हणजे नोकराने स्वतःची सोय करून घेऊ नये याची तजवीज झालेली. उलट बाजूला काय होतं? मालकाने कॅरेक्टर दिलंच पाहिजे असं बंधन कोणताही कायदा घालत नव्हता. पाच वर्षं राबून घेतलं आणि शेवटी पत्र लिहायला नकार दिला, तर कोणाकडे दाद मागायची सोय नव्हती.

हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या घरी हीच रीत आली. मुंबईतल्या खानसाम्यांकडे आणि आयांकडे जुन्या साहेबांच्या चिठ्ठ्यांची पुडकी असत, फडक्यात गुंडाळून जपलेली. आपल्या ‘चिठ्ठी’चं इंग्रजीत ‘चिट’ झालं ते साहेबी बोलण्यातच. ज्याला वाचता येत नव्हतं त्याचं पोट त्या कागदावर अवलंबून असायचं, आणि त्यावर काय लिहिलंय हे त्याला दुसऱ्याने सांगायला लागायचं.

प्रकरण अभ्यासायचं म्हणून मी पुन्हा पुन्हा एकच खेळ करून पाहिला : कुठे एक साधी गोष्ट बदलली असती तर दोघीही वाचल्या असत्या? मला तरी फार मोठं काही सापडलं नाही. महिन्यातून एक सकाळ दोघींनी वह्या घेऊन बसायचं. दुकानदाराचा चेक दुकानदाराच्याच नावाने काढायचा, म्हणजे रोकड मधे कोणाच्या हातात येणार नाही. पावतीवर दोघींची सही. याला एक पेनीही खर्च नव्हता, आणि हे सगळं १९०२ मधल्या कोणत्याही बऱ्या पेढीला ठाऊक होतं. स्वयंपाकघरापर्यंत ते पोचलं नाही, कारण घर ही पेढी नाही अशी समजूत होती. घरात विश्वास असतो, घरात माणसं आपली असतात. पण ‘आपली’ असलेल्या माणसाला वर्षाकाठी पगार होता, त्याला कधीही काढता येत होतं, आणि त्याची सगळी मालमत्ता एका पत्र्याच्या ट्रंकेत मावत होती.

आणखी एक. कमी पडतंय हे वर जाऊन सांगता येईल अशी जागा त्या घरात असायला हवी होती. ही गोष्ट कुठल्याही वहीत बसत नाही, पण माझ्या अनुभवात अर्धी प्रकरणं इथेच सुरू होतात. एका पतसंस्थेत शाखेच्या रोखपाल बाईंच्या हिशेबात तूट निघाली होती. त्यांना मी विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, “मॅडम, पहिल्या दिवशी चारशेच रुपये होते हो.” चारशे रुपयांसाठी साहेबांचं बोलणं कोण ऐकून घेणार, म्हणून पुढच्या आठवड्यात ते भरून काढू असं ठरवलं. एर्डिगच्या स्वयंपाकघरातला पहिला आठवडा मला त्या बाईंच्या आवाजातच ऐकू येतो.

यॉर्क घराणं पुढे निभलं तसं निभलं. एर्डिगमध्ये नवी कारभारीण आली. १९१२ मध्ये वाड्याच्या पायऱ्यांवर नोकरांचा पुन्हा एक मोठा फोटो निघाला. पहिल्या महायुद्धानंतर मुली कारखान्यांत आणि कचेऱ्यांत जाऊ लागल्या आणि नोकर मिळेनासे झाले. खालून कोळशाच्या खाणी गेल्या आणि घरच खचायला लागलं. शेवटच्या फिलिप यॉर्कने, म्हणजे १९०५ मध्ये जन्मलेल्या त्या धाकट्या मुलाने, १९७३ मध्ये वाडा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केला. डागडुजी होऊन तो लोकांना खुला झाला तेव्हा ट्रस्टने फाटक निवडलं ते मागचं. सुताराचं आवार, तबेले, धुलाईघर, भट्टी, स्वयंपाकघर, नोकरांच्या तसबिरींचा बोळ, आणि मग मालकांचे दिवाणखाने.

पेनकेथबाई रुथिनच्या न्यायालयातून बाहेर पडल्या त्या निर्दोष होऊन. पुढच्या जागेसाठी अर्ज करताना मात्र त्यांना नेहमीचाच प्रश्न येणार होता : १९०२ पासून १९०७ पर्यंत कुठे होता, आणि तिथल्या बाई तुमच्याबद्दल काय म्हणतात?